सच्छिद्र पॉलिमर नॅनोपदार्थ आणि विद्युत-रासायनिक ऊर्जा साठवण : संशोधन लेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्र व दक्षिण गुजरातमधील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांत सुपरकपॅसिटर हा संशोधनाचा विषय चांगलाच रुजला आहे. या विषयाला फार मोठी साधनसामग्री लागत नाही. काही बीकर, काही रसायने, विद्युत-रासायनिक मापनाचे एक यंत्र आणि चिकाटी एवढ्या बळावर काम सुरू होते. ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांच्या दृष्टीने ही जमेची बाजू होय. तथापि, काम जेवढे वाढले तेवढी त्याची परीक्षा झालेली नाही. प्रस्तुत लेखात सच्छिद्र पॉलिमर नॅनोपदार्थांवरील संशोधन लेखन कसे वाचावे, त्यातील कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि कोणत्या आकड्याला प्रश्न विचारावा, याची चर्चा केली आहे. पदार्थ वाईट आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. पदार्थ चांगले आहेत. त्यांचा हिशेब मात्र अपुरा मांडला जातो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विषयाची पार्श्वभूमी : नीळ ते पॉलिॲनिलीन

सुरत शहरातील नवागाम-डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील अनेकांचा उदरनिर्वाह यंत्रमाग आणि डाईंग-प्रिंटिंग मिलवर चालतो. या घरांतून विज्ञान शाखेकडे येणाऱ्या विद्यार्थ्यास पॉलिमर हा शब्द पॉलिस्टरच्या रूपाने आधीच ठाऊक असतो. रंग आणि वीज यांचा संबंध मात्र त्याला कोणी सांगितलेला नसतो. तो संबंध सुरतेच्या इतिहासाशी जोडलेला आहे.

सतराव्या शतकात सरखेज आणि बयाना येथील नीळ सुरत बंदरातून परदेशी जात असे. इंग्रजांनी १६१३ मध्ये येथे वखार घातली, तेव्हा नीळ हा व्यापारातील एक प्रमुख माल होता. संस्कृतमधील ‘नील’ अरबीत ‘अन्-नील’ झाला आणि तेथून पोर्तुगीजांत ‘अनिल’ म्हणून गेला. ओट्टो उन्फरडॉर्बेन यांनी १८२६ मध्ये निळीचे ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळविला. पुढे १८४० मध्ये फ्रिट्झशे यांनी निळीपासूनच मिळविलेल्या त्याच द्रवास ॲनिलीन हे नाव दिले. लंडनमध्ये हेन्री लेथेबी यांनी १८६२ मध्ये ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली असता विद्युत अग्रावर निळसर काळा थर जमा झाला. त्याच सुमारास जॉन लाइटफूट यांनी सुती कापडावर ॲनिलीनपासून पक्का काळा रंग बसविण्याची रीत शोधली व १८६३ मध्ये तिचे पेटंट घेतले. रंगाऱ्याचा हा ‘ॲनिलीन ब्लॅक’ आणि लेथेबी यांचा थर ही आज ज्यास आपण पॉलिॲनिलीन म्हणतो त्याचीच रूपे होत.

पॉलिमर वीज वाहू शकतो ही गोष्ट मात्र १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलीनवरील कामामुळे सर्वमान्य झाली. त्याबद्दल हीगर, मॅकडायरमिड व शिराकावा यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मॅकडायरमिड यांनी पुढे पॉलिॲनिलीनचा सखोल अभ्यास केला. त्यानंतर पॉलिॲनिलीन, पॉलिपायरोल यांसारख्या वाहक पॉलिमरांचे नॅनोतंतू, नॅनोनळ्या व सच्छिद्र थर बनविण्याची लाट आली. तंत्र बदलले, पण ॲनिलीनचे ऑक्सिडीकरण ही मूळ क्रिया जुन्या रंगाऱ्याचीच राहिली.

छिद्रांचे नेमके कार्य :

विद्युत-रासायनिक धारित्रात ऊर्जा दोन प्रकारे साठते. पहिल्या प्रकारात विद्युत विच्छेद्य द्रवातील आयन विद्युत अग्राच्या पृष्ठभागाला लागून रांग धरतात. येथे रासायनिक क्रिया होत नाही. यास विद्युत दुहेरी थर म्हणतात आणि तो पृष्ठफळावर अवलंबून असतो. दुसऱ्या प्रकारात पदार्थातील रेणूंचे जलद ऑक्सिडीकरण व क्षपण होऊन इलेक्ट्रॉनांची देवघेव होते. यास आभासी धारिता असे म्हणतात. पॉलिॲनिलीन प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात मोडते, तर सक्रियित कार्बन पहिल्या प्रकारात.

आता एक साधा हिशेब करू. दुहेरी थराची धारिता ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड धरली, तर १००० चौरस मीटर प्रति ग्रॅम पृष्ठफळाच्या पदार्थास सुमारे १०० फॅरड प्रति ग्रॅम धारिता मिळावयास हवी. पृष्ठफळ ५० चौरस मीटर असेल तर हा वाटा ५ फॅरडच्या आसपास येतो. एखाद्या शोधनिबंधात पॉलिॲनिलीनच्या थराचे पृष्ठफळ ५० चौरस मीटर प्रति ग्रॅम आणि धारिता ५०० फॅरड प्रति ग्रॅम दिली असेल, आणि निष्कर्षात “सच्छिद्रतेमुळे मोठे पृष्ठफळ मिळाले व त्यामुळे धारिता वाढली” असे लिहिले असेल, तर हे वाक्य त्याच निबंधातील आकड्यांशी विसंगत ठरते. तेथील धारितेचा ९९ टक्के भाग छिद्रांच्या पृष्ठभागामुळे आलेला नसून रासायनिक क्रियेमुळे आलेला आहे.

मग छिद्रांचा उपयोग काय? पॉलिमरमध्ये छिद्र ही वाट आहे. आयनांना आतल्या रेणूंपर्यंत पोहोचता यावे यासाठी ती हवी. वाट उपयोगी पडली की नाही हे पृष्ठफळाच्या आकड्यावरून कळत नाही. भारण-विमोचनाचा वेग दहापट, वीसपट वाढविल्यावर धारिता किती टिकते, यावरून ते कळते. हळू मापनात ५०० आणि जलद मापनात १०० आकडा आला, तर वाट अरुंद आहे असेच म्हणावे लागेल.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पृष्ठफळ मोजताना कोरड्या भुकटीवर अतिथंड अवस्थेत नायट्रोजन वायू सोडतात. प्रत्यक्षात पॉलिमर द्रवात भिजलेला, फुगलेला असतो. काही पॉलिमरांची छिद्रे वाळताना मिटतात, तर काही द्रवात नव्याने उघडतात. शिवाय नायट्रोजनचा रेणू जेथे शिरतो तेथे पाण्याचे कवच घेतलेला आयन शिरेलच असे नाही. एक नॅनोमीटरपेक्षाही लहान छिद्रांत आयन आपले कवच अंशतः टाकून शिरतात आणि धारिता वाढते, असे कार्बनच्या बाबतीत २००६ मध्ये दाखविण्यात आले. तेव्हा कोरड्या अवस्थेतील छिद्रांचे मोजमाप हा पुराव्याचा एक भाग आहे, संपूर्ण पुरावा नव्हे.

पुण्याचे उदाहरण : मोठा आकडा आणि उपयोगी आकडा

सच्छिद्र पॉलिमरांच्या क्षेत्रातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे ओमर याघी यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली सहसंयुजी सेंद्रिय जाळी, ज्यांना संक्षेपाने सीओएफ म्हणतात. अम्मान येथे पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात वाढलेल्या याघी यांना धातू-सेंद्रिय जाळ्यांवरील कामाबद्दल २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कितागावा व रॉब्सन यांच्यासमवेत मिळाले. सीओएफमध्ये कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारखी हलकी मूलद्रव्ये ठरावीक नक्षीत जोडलेली असतात आणि छिद्रांचा आकार रेणूंच्या निवडीने ठरविता येतो. मात्र सुरुवातीच्या जाळ्या पाण्यात टिकत नसत. ज्या पदार्थाला आम्लात बुडून काम करायचे, त्याच्या दृष्टीने हा मोठाच दोष होता.

या दोषावर उपाय पुण्यात सापडला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये अशी जोडणी दाखविली की जी प्रथम उलटसुलट होऊन नक्षी बसू देते आणि नंतर कायमची पक्की होते. अशा जाळ्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकल्या. २०१३ मध्ये याच गटाने खलबत्त्यात घोटून, जवळपास द्रावकाशिवाय अशा जाळ्या तयार केल्या. या रीतीने पृष्ठफळ बरेच कमी मिळते हेही त्यांनी लपविले नाही. २०१७ मध्ये वीट थापून भाजण्याच्या जुन्या पद्धतीशी साम्य असलेली रीत वापरून त्यांनी काही जाळ्यांचे पृष्ठफळ ३००० चौरस मीटर प्रति ग्रॅमपर्यंत नेले.

याच प्रकारच्या पक्क्या जोडणीची एक जाळी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिक्टेल यांच्या गटाने २०१३ मध्ये ऊर्जा साठवणीसाठी तपासली. तीत अँथ्राक्विनोन गट होते. भुकटीच्या विद्युत अग्राची धारिता ५० फॅरड प्रति ग्रॅमच्याही खाली राहिली, कारण बहुतेक गटांपर्यंत विद्युत भार पोहोचतच नव्हता. पुढे २०१५ मध्ये याच गटाने सोन्याच्या पृष्ठभागावर २०० नॅनोमीटरपेक्षा पातळ, ठरावीक दिशेने मांडलेले थर वाढविले, तेव्हा ८० ते ९९ टक्के गट कामी आले. २०१६ मध्ये छिद्रांतच वाहक पॉलिमर भरून अधिक जाड थरही कामी लावण्याचा यत्न झाला. या क्रमातून एक धडा मिळतो : ‘एकूण गटांपैकी किती टक्के वापरात आले’ हा प्रश्न ‘किती फॅरड मिळाले’ यापेक्षा अधिक सांगून जातो.

पुण्यातही हाच प्रवास दिसतो. बॅनर्जी व श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटांनी २०१७ मध्ये हायड्रोक्विनोनयुक्त जाळीसाठी तीन अग्रांच्या मापनात ४१६ फॅरड प्रति ग्रॅम धारिता नोंदविली आणि त्याबरोबरच सुमारे ४३ टक्के गट वापरात आल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्यांनी दुसऱ्या एका जाळीचे स्वतःच्या बळावर उभे राहणारे पातळ पत्रे बनविले. त्यांत कार्बनची भुकटी किंवा चिकटद्रव्य मिसळलेले नव्हते. तेथे धारिता १६९ फॅरड प्रति ग्रॅम मिळाली, पण ती दर चौरस सेंटिमीटरला १६०० मिलिफॅरड होती आणि एक लाखाहून अधिक भारण-विमोचनांनंतरही टिकून राहिली.

केवळ प्रति ग्रॅम आकडा पाहणारा वाचक म्हणेल की ४१६ वरून १६९ म्हणजे पीछेहाट झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते ही प्रगती आहे. प्रत्यक्ष उपकरणात दर चौरस सेंटिमीटरवर किती भार साठला आणि तो किती काळ टिकला, याला किंमत असते. हे मान्य केले, तर आपल्या अनेक शोधनिबंधांचे शीर्षकच बदलावे लागेल.

कोल्हापूरची परंपरा :

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा विषय पोहोचविण्याचे मोठे श्रेय कोल्हापूरला जाते. शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे यांच्या प्रयोगशाळेने रासायनिक स्नान निक्षेपण, क्रमवार बुडवण्याची रीत व विद्युत निक्षेपण या कमी खर्चाच्या पद्धतींनी धातूंची ऑक्साइडे आणि वाहक पॉलिमर यांचे पातळ थर बनविले. पॉलिॲनिलीनच्या तीन ऑक्सिडीकरण अवस्थांची आणि पॉलिपायरोलच्या सच्छिद्र रूपांची त्यांनी तुलना केली. निर्वात यंत्रणा व महाग उपकरणे नसतानाही जागतिक नियतकालिकांत स्थान मिळू शकते, हे या परंपरेने सिद्ध केले. पुढे अनेक विद्यार्थी ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत प्राध्यापक झाले व पद्धती सर्वदूर गेली.

परंतु पद्धतीबरोबर तिची मर्यादाही सर्वदूर गेली, याकडे डोळेझाक करून चालणार नाही. पातळ थराचे वजन फार कमी असते. थराचा गुणधर्म अभ्यासण्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यावरून उपकरणाचे भाकीत करणे योग्य नाही. गुरुजनांच्या प्रयोगशाळेत जो आकडा तुलनेसाठी काढला जात होता, तो अनुकरण करणाऱ्यांच्या हाती दाव्याचा आकडा झाला.

लेखनातील प्रमुख दोष :

१) वजनाचा दोष : एक चौरस सेंटिमीटरवर ०.२ मिलिग्रॅम थर आहे आणि तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचतो असे समजू. निबंधात ४०० फॅरड प्रति ग्रॅम लिहिले आहे. म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली धारिता ८० मिलिफॅरड. थराचे खरे वजन ०.१ असेल तर उत्तर ८०० येते, ०.३ असेल तर सुमारे २६७. ज्या मापनात उत्तर २६७ ते ८०० यांत कोठेही असू शकते, तेथे ‘४१२.६ फॅरड’ असे दशांशासह लिहिणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होय, मग ती अजाणता का असेना.

२) चारपटीचा दोष : तीन अग्रांच्या मापनातील धारिता एका अग्राची असते. दोन सारख्या अग्रांचा घट बनविल्यावर, दोन्ही अग्रांचे वजन धरता, ती एक चतुर्थांश होते. ४०० फॅरडचे १०० होतात. ०.८ व्होल्टला साठणारी ऊर्जा ३२ ज्यूल प्रति ग्रॅम, म्हणजे सुमारे ८.९ वॅट-तास प्रति किलोग्रॅम येते. भागाकार विसरल्यास हाच आकडा ३५.६ होतो आणि “लिथियम बॅटरीच्या जवळ” असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. पत्रा, द्रव, विभाजक, डबी यांचे वजन धरून सक्रिय पदार्थ ३० टक्के मानला, तर ८.९ चेही २.७ उरतात. बाजारातील कार्बनचे सुपरकपॅसिटर ५ वॅट-तासांच्या आसपास देतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

३) आधाराचा दोष : २० मायक्रोमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याच्या एका चौरस सेंटिमीटरचे वजन सुमारे ५.४ मिलिग्रॅम भरते. त्यावर ०.२ मिलिग्रॅम पॉलिमर असेल तर पत्रा मालाच्या २७ पट जड झाला. पोत्यापेक्षा धान्य हलके, अशी ही अवस्था. निकेलचा फेस आधार म्हणून वापरल्यास आणखी एक अडचण येते. अल्कली द्रावणात निकेल स्वतःच क्रिया करते व त्याचा भारही पदार्थाच्या नावे जमा होतो. कोऱ्या आधाराचे मापन निबंधात दिले नसेल तर तो हिशेब अपूर्ण समजावा.

४) कमाल मर्यादेचा विसर : पॉलिॲनिलीनच्या एका एककाचे वस्तुमान सुमारे ९१ ग्रॅम प्रति मोल आहे. पहिल्या ऑक्सिडीकरणात दोन एककांमागे एक इलेक्ट्रॉन जातो. म्हणजे ग्रॅममागे सुमारे ५३० कूलोम. ०.८ व्होल्टच्या पट्ट्यात ही धारिता सुमारे ६६० फॅरड प्रति ग्रॅम होते. दुसरे ऑक्सिडीकरणही धरले तर ती दुप्पट होते, पण त्या अवस्थेत आम्लयुक्त पाण्यात साखळी तुटू लागते व थराचे आयुष्य घटते. तेव्हा केवळ पॉलिॲनिलीनसाठी ६६० च्या वर आकडा दिसला तर तो कोठून आला हे लेखकाने सांगितले पाहिजे. फॅरडेचा नियम पदवी वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकाने तो स्वतःच्या निबंधास लावू नये, हे विसंगत आहे.

५) नावाचा दोष : बॅटरीसारखे स्पष्ट टप्पे दाखविणाऱ्या पदार्थाची क्षमता फॅरडमध्ये सांगणे गैर आहे, कारण तेथे व्होल्टेजनुसार धारिता स्थिर नसते. ती कूलोम अथवा मिलिॲम्पियर-तासांत सांगावी. या विषयावर २०१४-१५ च्या सुमारास सिमॉन, गोगोत्सी, डन तसेच ब्रूस, बेलांजे व लाँग यांनी स्पष्ट लेखन केले. मापनाच्या योग्य पद्धतीविषयी स्टोलर व रुऑफ यांनी २०१० मध्ये आणि उपकरण-पातळीच्या आकड्यांविषयी गोगोत्सी व सिमॉन यांनी २०११ मध्ये इशारा दिला होता. तरीही जुने दोष नव्या निबंधांत येत राहतात.

दोषांचे कारण :

हे दोष अज्ञानापेक्षा व्यवस्थेतून अधिक आले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी एपीआय गुणांकन आणले आणि निबंधांची संख्या हेच पुष्कळ ठिकाणी ध्येय झाले. नियतकालिकांच्या मान्य याद्या आल्या, बदलल्या. केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता दर्जा ठरविण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर व प्राध्यापकांवर आली आहे. अशा वेळी मागील निबंधापेक्षा दहा फॅरड अधिक, हा सर्वांत सोपा नवेपणा ठरतो. याची किंमत विद्यार्थी मोजतो. तीन-चार वर्षे खर्चून त्याने मिळविलेला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळाला नाही, तर त्याच्या हाती पदवी राहते, विद्या राहत नाही.

महाविद्यालयांनी काय करावे :

साधनांची उणीव ही येथे अडचण नाही. वर दिलेले सर्व हिशेब कागद-पेन्सिलीने होतात. नवागामसारख्या वस्तीतून येणाऱ्या विद्यार्थ्यास पदव्युत्तर प्रकल्प देताना नवीन पदार्थ शोधण्याचा आग्रह न धरता एखाद्या प्रसिद्ध निबंधातील पॉलिॲनिलीन थर पुन्हा तयार करून तपासावयास द्यावा. पाच थर बनवावेत आणि पाचांची सरासरी व फरक दोन्ही लिहावेत. थराचे वजन तराजूने व निक्षेपणातील एकूण विद्युत भारावरून असे दोन मार्गांनी काढावे. कोऱ्या आधाराचे मापन जोडावे. थराची जाडी दुप्पट, चौपट करून धारिता कशी घटते ते दाखवावे. शेवटी दोन अग्रांचा घट बांधून एक लहान दिवा किती सेकंद चालतो, हे मोजावे. पॉलिॲनिलीन भारण-विमोचनात फुगते-आकसते व तडकते. म्हणून किमान काही हजार चक्रांनंतरचे चित्र द्यावे.

अशा कामातून मिळणारा आकडा बहुधा लहान असेल. परंतु तो दुसऱ्यास पुन्हा मिळेल. मोठ्या संस्थांना नव्या जाळ्या शोधण्याची घाई असते. जुन्या दाव्यांची फेरतपासणी करण्यास त्यांना सवड नसते. ते काम लहान महाविद्यालये उत्तम रीतीने करू शकतात. आपल्या संस्थेच्या नियतकालिकानेही ‘फेरतपासणी’ असा स्वतंत्र विभाग सुरू करून न जुळलेले निष्कर्ष छापावेत, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

समारोप :

सच्छिद्र पॉलिमर नॅनोपदार्थांत ऊर्जा साठवणीची खरी शक्यता आहे. ते हलक्या मूलद्रव्यांचे असतात, त्यांची छिद्रे ठरवून घडविता येतात आणि पुण्यातील कामाने ती आम्लातही टिकविली आहेत. अडचण वाहकतेची, जाडीची व आयुष्याची आहे. ती प्रति ग्रॅम फॅरडच्या शर्यतीने सुटणारी नाही. सुरतेच्या बंदरात नीळ घेणारा व्यापारी मालाचे वजन आणि कस दोन्ही तपासून घेत असे. निळीच्या वंशातील या नव्या पदार्थाबाबत आपण निदान तेवढी चिकित्सा करावी. वजन अचूक सांगावे, कस कोणत्या परिस्थितीत लागला ते सांगावे आणि छिद्रांनी नेमके काय दिले याचा हिशेब मांडावा. एवढे झाले तर आपल्या महाविद्यालयांतील संशोधन संख्येने कदाचित घटेल, पण ते वाचणाऱ्याच्या उपयोगी पडेल.